तांबड्या थरावरचा पाऊस

“खरमाटे, हातोडा तिथे कशाला ठेवताय? देवळात आलोय का आपण?” मोहोळकर सर मागून म्हणाले आणि आपल्याच विनोदावर हसले. चेतन वाणीही हसला, कारण व्हिडिओचं काम त्याला सरांनीच मिळवून दिलं होतं.

मी करवंदीच्या जाळीला हातोडा टेकवून ठेवत होतो. इथून पुढे शंभर पावलं हातोडा न्यायचा नाही, ही नाबर बाईंची शिस्त. एम.एस्सी.ला आम्ही सहा जण होतो. बाईंनी याच जाळीपाशी सहाही हातोडे ठेवायला लावले, मोजले, आणि मग हात पाठीमागे बांधायला सांगून आम्हाला ओढ्यात उतरवलं. दगड दिसला की हातोडा उगारायचा, हे आमच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की हातोड्याविना आम्हाला उघडंबोडकं वाटतं. बाईंना तेच हवं होतं.

ही अठरा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होतो, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करत होतो. त्या जूनमध्ये एक कायम जागा भरायची होती. मोहोळकर सर विभागप्रमुख, आणि निवड समितीत त्यांचा शब्द चालायचा. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझ्याबद्दल कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

विभागाच्या सहली त्या वर्षीपासून बंद होणार होत्या. परवानग्या, विमा, पालकांची पत्रं, मुलांचा दंगा, अशी कारणं सरांनी कागदावर दिली होती. खरं कारण त्यांचे गुडघे आणि त्यांचं पोट. त्याऐवजी बारा व्हिडिओंची मालिका काढायची, ओढे, घाट, खाणी सगळं चित्रित करून वर्गात दाखवायचं, अशी त्यांची योजना होती. मला ती पटलेलीही होती, आजही तत्त्वतः पटते. ज्या मुलीला घरून दोन दिवस बाहेर सोडत नाहीत तिला घाटातला दगड वर्गात बसून दिसला तर त्यात वाईट काय आहे? पण मालिकेचा पहिला भाग काहीतरी जबरदस्त हवा असं सर म्हणाले, तेव्हा मी तोंड उघडलं. खिरवंडीच्या ओढ्यात काय आहे ते मी त्यांना सांगितलं.

आपल्याकडचा काळा पत्थर म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. दोन थरांमध्ये कधीकधी तांबडी माती सापडते. पहिला लाव्हा निवाला, त्यावर माती धरली, मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती झाकून टाकली. खिरवंडीच्या ओढ्याला, डाव्या काठाला, गुडघ्याच्या उंचीवर अशी एक तांबडी पट्टी होती. त्या मातीवर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पाऊस पडला होता. मोठा पाऊस नाही, एखादी सर. ओल्या मातीवर थेंबांचे खळगे उठले, ते वाळले, आणि पुसले जायच्या आत कुठूनशी राख येऊन त्यांच्यावर बसली. राखेवर लाव्हा आला. आता काठ झिजता झिजता राखेची कड सुटली होती आणि वहीच्या पानाएवढ्या जागेत ते खळगे उघडे पडले होते. बाकीचे आत, राखेखाली, झाकलेले.

नाबर बाईंना ते १९७१ साली सापडले. त्या तिशीच्या होत्या, विभागातल्या एकट्या बाई, आणि एकट्याच हिंडायच्या. त्यांनी त्याच्यावर एक ओळही छापली नाही. छापलं की लोक येतील आणि लोक म्हणजे हातोडे, असं त्या म्हणायच्या. दर वर्षी एक तुकडी घेऊन यायच्या, प्रत्येकाला पाच मिनिटं उकिडवं बसवून बघू द्यायच्या आणि परत न्यायच्या. बोलायच्या फार कमी. माझी तुकडी त्यांची शेवटची. मी बसलो होतो तेव्हा त्या मागून एवढंच म्हणाल्या, “खरमाटे, खळग्यांच्या कडा बघ. एका बाजूला उंच आहेत. वारा पश्चिमेकडून होता.” मी दगडातून पुष्कळ काही शिकलोय, पण अंगावर काटा आला तो तेवढ्या एकदाच.

निवृत्तीनंतर दोन-चार वर्षांत बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. मग विभागातून तिकडे कुणीच गेलं नाही. मी व्हिडिओची परवानगी मागायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वाटलं होतं, नाही म्हणतील. त्या वॉकर धरून खिडकीपाशी उभ्या होत्या. बराच वेळ विचार करून म्हणाल्या की हे बरंच झालं, फोटो हलत असेल तर कुणाला तिथे पाय ठेवायलाच नको. सगळ्यांना दिसेल आणि ते तिथेच राहील. मग तीन अटी घातल्या. हातोडा नाही. पाणी नाही. हात लावायचा नाही.

“ती माती बाहेरून ऊन खाऊन टणक झालीय, पण आतून कच्ची आहे,” त्या म्हणाल्या. “पाणी लागलं की विरघळते. तू आहेस म्हणून हो म्हणतेय.”

मी हो म्हणालो. तोंड वर करून म्हणालो.

तर आम्ही ओढ्यात उतरलो. ओढा कोरडा होता, वळणावर एक डबकं शिल्लक होतं. सरांनी नवीन टोपी घातली होती, खिशाखिशांचं जाकीट घातलं होतं आणि गळ्यात भिंग अडकवलं होतं. या माणसाने शेवटचं भिंग डोळ्याला लावलं त्याला दहा वर्षं तरी झाली असतील. चेतन लग्नाचे व्हिडिओ काढायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला नवरदेवाने वळून बघितल्याशिवाय कॅमेरा सुरू करायची सवय नव्हती, एवढंच.

मी त्यांना पट्टी दाखवली. सर वाकले, ‘वा’ म्हणाले आणि लगेच सरळ झाले, कारण गुडघे. खळग्यांकडे त्यांनी पाहिलं नसावं असं मला तेव्हाही वाटलं. चेतनने कॅमेरा जवळ नेला, मागे घेतला, पुन्हा जवळ नेला.

“सर, यात दाखवायचं काय आहे नेमकं?” त्याने विचारलं. “मला तर नुसती धूळ दिसतेय. पडद्यावर काहीच येणार नाही.”

खरं होतं ते. उघडा भाग छत्तीस वर्षं ऊनपाऊस खात होता. त्यावर दगडफुलाचे ठिपके होते. उकिडवं बसून, तिरप्या उन्हात, डोळ्यांना सवय होईपर्यंत वाट पाहिली तर खळगे दिसायचे. कॅमेऱ्याला ती वाट बघता येत नाही. मी म्हणालो, चार वाजेपर्यंत थांबू, ऊन तिरपं होईल, मग कडा उठून दिसतील. सरांनी घड्याळ बघितलं. दहा वाजले होते.

“पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला आपण काय शिकवतो, खरमाटे?” सर म्हणाले.

मला उत्तर माहीत होतं. दगडाच्या जुन्या तोंडावर विश्वास ठेवू नये. फोडावा, आतला ताजा पृष्ठभाग बघावा. हे आम्ही मुलांकडून घोकून घेतो आणि न फोडता दगडाचं वर्णन करणाऱ्याचे मार्क कापतो.

“राखेचा थर नुसता पापडासारखा निघेल,” सर म्हणाले. “एक वीतभर उघडा. खाली सगळं ताजं असणार. आणि मुलांनाही दिसेल, शोध कसा लागतो ते.”

मी म्हणालो की बाईंना आपण शब्द दिलाय. सर म्हणाले, बाई रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आणि शब्द तुम्ही दिलाय, विभागाने दिलेला नाही. हे ते अजिबात चिडून बोलले नाहीत. मग त्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, “तुम्हीच मारा. तुमचा हात सवयीचा आहे.”

त्यांनी मला हुकूम केला नाही. जूनचं नावही काढलं नाही. मी स्वतःच्या पायांनी शंभर पावलं परत गेलो, करवंदीच्या जाळीतून हातोडा काढला, पिशवीतून छिन्नी काढली आणि शंभर पावलं पुन्हा आलो. दोनशे पावलांत माणूस पुष्कळ विचार करू शकतो. मी विचार केला की एक वीतच तर आहे.

पहिला घाव मी इतका हलका मारला की आवाजही आला नाही. राख खरोखरच पापडासारखी सुटली. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि खालचं दिसलं. बाहेरचे खळगे म्हणजे नुसती छाया होती, हे खरे थेंब होते. काही मुगाएवढे, काही वाटाण्याएवढे, प्रत्येकाची पश्चिमेकडची बाजू खोल आणि पूर्वेकडे मातीची बारीक कड उठलेली. एका ठिकाणी दोन थेंब एकाच जागी पडले होते आणि दुसऱ्याने पहिल्याची कड मोडली होती. कुठला आधी पडला ते सांगता येत होतं.

“सॉरी सर, फोकस नव्हता,” चेतन म्हणाला. “परत करा.”

मी म्हणालो, परत कसं करणार, हे निघालं ते निघालं. सर म्हणाले, पुढे थोडं आणखी काढा, मघाशी उघडलेलं आता नुसतं जवळून घेऊन टाकू. चेतनने जवळून पाहिलं आणि म्हणाला, रंग उठत नाही, फिकट दिसतंय. त्याच्याकडे फवाऱ्याची बाटली होती, लग्नात हार ताजे दिसावेत म्हणून ठेवायचा. बाटली रिकामी होती. ती त्याने माझ्याकडे दिली आणि मी डबक्यातून भरून आणली.

इथे थांबून सांगतो. दगड ओला करून बघायचा ही आम्हा लोकांची दुसरी खोड. जिभेने चाटणारेही आहेत. ओला दगड रंग दाखवतो. बाटली भरताना बाईंची अट मला आठवली नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ती मला नीट आठवत होती.

पाणी पडल्याबरोबर माती कुंकवासारखी लाल झाली. सर मनापासून ‘वा’ म्हणाले. चेतनने धावत येऊन चित्रण केलं. पाच मिनिटांत कडा बसायला लागल्या, दहा मिनिटांत तिथे पाणीदार चिखल झाला. दुसरी वीत उघडली, तेव्हा सगळं जमून आलं असतं, पण सर ‘साडेसहा लाख वर्षं’ म्हणाले. ते त्यांचं त्यांनाच कळलं. तिसऱ्या वेळी माथ्यावरून कुणाच्या तरी म्हशी गेल्या आणि घंटांचा आवाज आला. चौथ्या वेळी सरांची सावली पडली. प्रत्येक वेळी मी पुढची वीत उघडायचो, आतले थेंब पहिल्यांदा उजेड बघायचे, चेतन फवारा मारायचा, सर वाक्य म्हणायचे, आणि मग माती खाली ओघळायची. तिसऱ्या वेळेपासून मी खळग्यांकडे बघणं सोडलं. हात चालत होता.

दोन वाजता आम्ही तिथेच जेवलो. सरांनी डबा उघडला, चपातीभाजी खाल्ली, संत्र्याच्या साली काठावर ठेवल्या. मग उठून बाटलीतल्या पाण्याने खळखळून चूळ भरली आणि ती सकाळी उघडलेल्या पहिल्या पट्टीवर टाकली. मुद्दाम नाही, वाकायला लागू नये म्हणून. त्या माणसाची, त्याच्या जाकिटाची, त्याच्या गळ्यातल्या भिंगाची मला इतकी शिसारी आली की हातातला घास तसाच राहिला. आणि तरी मी काय केलं, तर त्यांना हात पुसायला रुमाल दिला.

जेवण झाल्यावर आणखी दोनदा प्रयत्न केला. पाचव्या वेळी चेतन म्हणाला की ऊन बदललंय, सकाळच्याशी जुळणार नाही. सहाव्या वेळी मी पालथा पडून, वरच्या खडकाखाली खांद्यापर्यंत हात घालून छिन्नी लावली, घाव मारला, आणि छिन्नी खणकन वाजली. आत तांबडी माती नव्हती. पट्टी निमुळती होत तिथे संपली होती. वरचा पत्थर सरळ खालच्या पत्थरावर बसला होता.

“संपलं,” मी म्हणालो.

“मिळालं का पण चेतन?” सरांनी विचारलं.

चेतन छोट्या पडद्यावर सगळं पुन्हा बघत होता. दोनतीनदा मागेपुढे करून तो म्हणाला, “मिळालंय ना सर. दुसराच घेऊ. लाखाचं कोटी नंतर आवाजात दुरुस्त करता येईल. दुसऱ्यात रंग फर्स्ट क्लास आलाय.”

म्हणजे पुढच्या तीन विती कशासाठीच नव्हत्या.

पलीकडच्या काठावर एक बाई कधीपासून उभी होती कोण जाणे. काखेत पाटी, पदर खोचलेला, साठीची असावी. ती उतरून अलीकडे आली, पट्टीपाशी उभी राहिली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ती चष्म्यावाली बाई न्हाई आली?”

मी सांगितलं, त्या आता चालू शकत नाहीत.

तिचं नाव ठकूबाई. वरच्या वाडीत राहायची. ती म्हणाली की तिच्या लग्नाच्या वक्ताला वाडीतल्या बाया चूल सारवायला हीच तांबडी माती न्यायच्या. मग ती चष्म्यावाली आली आणि एकेकीच्या दारात बसून सांगून गेली.

“आमाला म्हनली, हितली माती नका नेऊ. हितं पावसाची बोटं हाईत.” ठकूबाईने खाली वाकून चिखलाकडे पाहिलं. “आमाला काय दिसली न्हाईत कवा. पर ती यवडी शिकलेली बाई हात जोडून सांगती म्हनल्यावर न्हाई नेली. तवापासनं वर खिंडीतनं आनतो आमी. माझ्या सुनाबी तितनंच आनत्यात.”

छत्तीस वर्षं. खिंड तिथून चांगली पाऊण तासाच्या चढावर होती.

सर सामान आवरत होते. ठकूबाईने त्यांना विचारलं, कारण टोपी त्यांच्याच डोक्यावर होती, “सायेब, मंग आता ही न्यायाला हरकत न्हाई ना?”

“न्या की,” सर म्हणाले. “खुशाल न्या.”

तिने पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी चिखल भरायला लागली. मी तिला थांबवावं असं काही तिथे उरलं नव्हतं. पाटी डोक्यावर घ्यायला मीच तिला हात लावला.

व्हिडिओ आठ मिनिटं चाळीस सेकंदांचा झाला. सरांचा आवाज ओढ्यात घुमल्यासारखा येत होता म्हणून निवेदन माझ्या आवाजात घेतलं. सरांनी लिहून दिलेलं शेवटचं वाक्य असं होतं: ‘विद्यार्थी मित्रहो, हा प्राचीन पाऊस निसर्गाने आजही आपल्यासाठी जसाच्या तसा जपून ठेवला आहे.’ ते मी तीनदा म्हणालो, तिसऱ्यांदा चांगलं आलं. पहिल्यांदा दाखवला तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर बसून मी पडद्यावर माझा हात बघत होतो. हातोडा नीट धरलेला होता, मनगट सैल, घाव अचूक. दिसण्यात माझं असं तेवढंच होतं, आणि किळस आली ती त्याचीच. जूनमध्ये माझी निवड झाली.

तो व्हिडिओ अजून आहे. सर गेले, आता विभागप्रमुख मीच आहे आणि दर वर्षी पहिल्या सत्रात तो मीच दाखवतो. दाखवला नाही तर का नाही दाखवला ते सांगावं लागेल. मुलं जागच्या जागी उठून उभी राहतात, दोनदा लावायला सांगतात. दर वर्षी कुणीतरी विचारतंच की सर, हे कुठे आहे, आम्हाला नेणार का? मी सांगतो, रस्ता खराब आहे.

चित्रणानंतर बाईंकडे मी चार महिने गेलो नाही. त्यांचं पोस्टकार्ड आलं. ‘व्हिडिओ पुरा झाल्याचे कळले. निवडीबद्दल अभिनंदन. तबकडी घेऊन ये.’ एवढाच मजकूर.

गेलो. त्यांच्या पुतण्याने परगावी जाताना ठेवून दिलेला कॉम्प्युटर त्यांच्या टेबलावर होता. त्या त्यावर पत्रव्यवहारापलीकडे काही करत नसत. मी तबकडी घातली आणि त्यांच्या मागे उभा राहिलो. बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. हातोडा पडद्यावर आला तेव्हा त्यांचा खांदा किंचित हलला. राख सुटली आणि थेंब दिसले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. त्यांनीही आतले थेंब कधी पाहिले नव्हते. हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. छत्तीस वर्षं त्यांनी ते कडेच्या पानभर जागेवरून नुसते ओळखले होते.

संपल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, “वारा पश्चिमेकडून होता ते सांगितलं नाहीस.”

मी म्हणालो, राहून गेलं.

“किती उरलं?”

“आत आहे बाई अजून,” मी म्हणालो. “बरंच आहे.”

“आत फक्त हातभर होतं,” बाई म्हणाल्या. “सळई घालून पाहिलंय मी. एकाहत्तर साली.”

त्यानंतर खोटं बोलायला जागा राहिली नाही. मी सगळं सांगितलं. सहा वेळा घाव घातला ते सांगितलं, दुसरा घेतला ते सांगितलं, फोकस, म्हशी, सावली, चूळ, ठकूबाईची पाटी, काही गाळलं नाही. मोहोळकरांचं नाव जितक्या वेळा घेता येईल तितक्या वेळा घेतलं. त्यांनी मधे एकदाच विचारलं, पाणी कुणी मारलं. मी चेतनचं नाव सांगितलं. मग म्हणालो, बाटली मी भरून आणली होती.

त्यांनी मला बोलावं असं मला फार वाटत होतं. चार शब्द लागतील असे बोलल्या असत्या तर मी ते घेऊन घरी गेलो असतो आणि कधीतरी फिटल्यासारखं वाटलं असतं. त्या वॉकर ओढून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, मला पाणी आणून दिलं. मी पेला संपवेपर्यंत उभ्या राहिल्या.

“ती तबकडी राहू दे माझ्याकडे,” त्या म्हणाल्या.

मला इतकं हलकं वाटलं की मी खुळ्यासारखा बोलत सुटलो. म्हणालो, ठेवा ना बाई, तुमच्यासाठीच आणलीय, आणखी प्रत हवी असेल तर काढून देतो, मोठ्या पडद्यावर बघायची असेल तर तीही सोय करतो. बाईंनी मला बोलू दिलं. मग त्या पुन्हा खुर्चीत बसल्या, कॉम्प्युटरकडे वळल्या आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या खुणांवरून बोट फिरवत काहीतरी शोधू लागल्या.

“यातला तुझा आवाज कुठून बंद होतो?”

मी म्हणालो, बंद होईल, पण मग हातोड्याचाही होईल. सगळाच होईल.

“चालेल,” त्या म्हणाल्या. “तेवढं दाखवून जा.”

मी त्यांच्या खांद्यावरून वाकलो आणि कोपऱ्यातली कर्ण्याची खूण दाखवली. एकदा दाबून दाखवली, मग त्यांना दाबायला सांगितली. त्यांना पहिल्याच वेळी जमलं. मी दारात चपला घालत होतो तोवर त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला होता.